नॅसेलचं उजवं अंग

मेझ, दक्षिण फ्रान्स, ११ मार्च १९२३

प्रिय तेओफिल,

तुझं नव्या वर्षाचं पत्र जानेवारीतच मिळालं होतं. उत्तराला मार्च उजाडला, कारण मधल्या काळात मारियुस गेला. छातीत कफ धरला आणि आठ दिवसांत आटोपलं. तू त्याला पाहिलंस ते शेंबडं पोर असताना. पुढे बाबांच्या माघारी तोच माझा जोडीदार झाला. बावीस वर्षं नावेच्या उजव्या अंगाला तो आणि डाव्या अंगाला मी. माणूस एरवी बडबड्या, पण हातोडी हातात घेतली की मुका. नावा बांधायच्या आपल्या अंगणाची रीतच ती.

तुला आठवण करून द्यायला नको, तरी म्हाताऱ्याला राहवत नाही म्हणून लिहितो. बरगड्या उभ्या राहिल्या की फळ्या दोन्हीकडून बरोबरीने चढवायच्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. एक अंग पुढे गेलं की कणा तिकडे ओढला जातो आणि नाव जन्माची वाकडी होते. बोलायचं नाही. मी खिळा ठोकला की पलीकडून तुझ्या हातोडीचं उत्तर यायचं, आणि नुसत्या आवाजावरून मला कळायचं की तू कितव्या बरगडीवर आहेस आणि सकाळी पोटभर खाऊन आलायस की नाही.

आता कामाचं ऐक. अंगणात एक नॅसेल उभी आहे. आपली नेहमीचीच, सपाट बुडाची, एकवीस बरगड्यांची. उलाली कास्तानने सांगितलेली. कोण उलाली म्हणशील, तर ती तू गेल्यानंतर जन्मलेली. कास्तानची विधवा. तळ्यातून शिंपले काढते आणि स्वतःच बाजारात बसून विकते. तिच्या तोंडापुढे मेलेला मासासुद्धा पुन्हा एकदा मरतो. तिची जुनी नाव आता नाव कमी आणि चाळण जास्त झाली आहे. मी कणा घातला, बरगड्या उभ्या केल्या, आणि मारियुसने पाठ फिरवली. उजवं अंग रिकामं.

मला अडुसष्ट झाली, तेओ. ही नाव झाली की हातोडी खुंटीला. म्हणून म्हणतो, तू ये. बारा दिवसांचं काम आहे. उजवं अंग तू चढव. बरगड्या उन्हाळाभर उघड्या राहिल्या तर चालतील, मी रोज संध्याकाळी त्यांच्यावर ओली पोती टाकतो. पण द्राक्षं काढून झाली की उत्तरेचा वारा सुटतो आणि लाकूड पीळ धरतं. तेव्हा सप्टेंबर ही हद्द समज.

आणि हो, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पोस्टमनला मोठ्याने वाचून दाखवलं. 'मी सध्या नॅसेल बांधतो.' अरे, नॅसेलच बांधायची होती तर समुद्र ओलांडून इंग्रजांकडे कशाला गेलास? काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण पुढे लिहितोस, 'विमानाची'. हे काही उमगलं नाही. नीट समजावून सांग. माझी शाळा म्हणजे मासे बांधून येणारी वर्तमानपत्रं. माझ्या ज्ञानाला वास येतो, पण ज्ञान आहे.

तुझा दादा,
ओनोरे


काउझ, वाइट बेट, २ एप्रिल १९२३

दादा,

मारियुसचं वाचून पत्र बराच वेळ हातात धरून बसलो. माझ्या डोळ्यांपुढे तो अजून दहा वर्षांचाच आहे, आणि तू लिहितोस की त्याने बावीस वर्षं माझ्या जागी उभं राहून काढली. मला त्याचे आभार मानायला हवे होते, ते राहून गेले.

नॅसेलचं सांगतो. मी घर सोडलं त्या वर्षी बेझिएच्या जत्रेत फुगेवाला आला होता. मोठा रेशमी फुगा, माणसं वर नेणारा. त्याच्याखाली वेताची टोपली लोंबायची, तिला तो नॅसेल म्हणायचा. मी हसलो. तो म्हणाला, 'तुमची पाण्यावर तरंगते, माझी हवेवर तरंगते. नाव नाही तर काय म्हणू तिला?' त्याची टोपली उतरताना आपटून मोडली होती आणि त्याला लाकूड वाकवणारा माणूस हवा होता. मी दुरुस्त करून दिली आणि टोपलीबरोबर निघून गेलो. गावात सगळे म्हणाले, तेओला आकाशाचं खूळ लागलं. मी आपला कामाच्या मागे गेलो, दादा. कामच वर गेलं.

फुगे इंग्लंडात आले, त्यांच्या मागून आम्ही आलो, आणि आमच्याबरोबर शब्दही आला. मग विमानं निघाली. पहिल्या पहिल्या विमानांत माणसं बसायची ती लाकडी कुडी, तिलाही इथले लोक नॅसेलच म्हणू लागले. युद्धात तशा कितीतरी बांधल्या. दोन माणसांपुरती जागा, पुढून निमुळती. आत बसलं की वल्हं मागावंसं वाटायचं. आता आम्ही पाण्यावर उतरणारी विमानं बांधतो, आणि इथे तुला हसू येईल. खालची कुडी हुबेहूब नाव असते. कणा, बरगड्या, फळ्या, सगळं आपलंच. पण तिला कुणी नॅसेल म्हणत नाही. वर, दोन पंखांच्या मध्ये, इंजिनाभोवती जे कवच असतं त्याला नॅसेल म्हणतात. त्यात माणूस बसतच नाही. नुसतं इंजिन, तेल आणि कान फाटतील असा आवाज.

एखाद्या रविवारी मी बसून विचार करतो. आपल्या तळ्यावरच्या नॅसेलमध्ये दोन माणसं, जाळं, मासे, पावाची पिशवी आणि दारूची बाटली. फुग्याच्या नॅसेलमध्ये माणसं, पण मासे नाहीत. आताच्या नॅसेलमध्ये माणूसही नाही. शब्द वर वर चढत गेला आणि माणसं एकेक करून खाली उतरत गेली.

इथले शाळामास्तर म्हणतात की इंग्रजांनी हा शब्द पाचशे वर्षांपूर्वी एकदा आपल्याकडून नेला होता, तोही लहान नावेसाठीच. मग हरवून टाकला. आता फुग्याच्या निमित्ताने पुन्हा नेला. शेजारीण चाळणी नेते, हरवते, आणि तोंड वर करून पुन्हा चाळणीच मागायला येते, त्यातली गत.

येण्याचं म्हणशील तर ऑगस्टपर्यंत एक विमान पुरं करायचं आहे. त्यानंतर बघतो. नक्की म्हणत नाही. सोबत फोटो पाठवतो आहे, कारखान्याच्या दारात काढलेला.

तुझा,
तेओ


मेझ, २९ एप्रिल १९२३

प्रिय तेओ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग शब्दकोश काढला. माझा शब्दकोश तुला ठाऊक नाही. पहिली साठ पानं उंदरांनी पचवली आहेत, बाकीचा ठणठणीत आहे. त्यात नॅसेल सापडली. 'लहान नाव, डोलकाठी नसलेली.' त्याच्याखाली, 'फुग्याला टांगलेली टोपली.' विमानाचं नाव नाही. मी पेन्सिल घेतली आणि तिसरा अर्थ लिहून टाकला, 'तेओफिल बांधतो ती'.

पाद्रीबुवांना विचारलं, तर ते म्हणाले शब्द मुळात आपलाही नव्हे, लॅटिनवाल्यांचा. म्हणजे चाळणी आपणही मागूनच आणली होती. इंग्रजांना आता मी नावं ठेवत नाही.

उलालीला मी सगळं समजावून सांगितलं, कारण ती रोज सकाळी बाजाराला जाताना अंगणात डोकावून बरगड्या मोजते, जणू मी रात्रीतून एखादी विकून खाणार आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हवेतल्या नावेला भोक पडलं तर पाणी कुठे उपसायचं?' मी म्हटलं, बाई, हवेतल्या नावेत पाणी येत नाही. 'मग ती तुम्ही बांधलेली नसणार,' म्हणाली आणि टोपली उचलून चालती झाली.

फोटो भिंतीवर लावला. मिशी शोभते तुला. उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभा आहेस, अगदी मंत्र्यासारखा. हसतोयस मात्र आईसारखा, एका बाजूने. तुझं अक्षर तेवढं बिघडलं आहे. युद्धाच्या आधी कसं उभं असायचं, आता सगळं डावीकडे झुकतं. तुझी वहिनी जिवंत असताना म्हणायची, भावजींना इंग्रजांचं वळण लागलं. मी म्हणायचो, लागू दे, अक्षरच आहे, कणा थोडाच आहे.

वरच्या खोलीची खिडकी सुतारकाम करून बसती केली आहे. गादी उन्हात घातली. उशी कोणती लागते तुला, जाड की पातळ? चाळीस वर्षांपूर्वी तुला उशीच लागत नसे, हे मला आठवतं, पण आता वय झालं.

ऑगस्ट म्हणालास. ऑगस्टात कितव्या तारखेला ते कळव. म्हणजे मला फळ्या भिजत घालता येतील.

दादा


काउझ, ३ जून १९२३

दादा,

घाईत लिहितो आहे. ऑगस्टचं जमेल असं दिसत नाही. विमानाला वेळ लागतो आहे, मुकादम रजा देणार नाही, आणि त्यानंतर लगेच दुसरं यायचं आहे. तू माझ्यासाठी अडून राहू नकोस. मेझमध्ये नाही तर सेतला किंवा मार्सेयांला कुणी ना कुणी चांगला माणूस मिळेल. उजवं अंग त्याच्याकडून करून घे. मी इतकी वर्षं दुसऱ्याच धंद्यात काढली. माझा हात आता बसलेला नाही.

उशीची काळजी करू नकोस.

तेओ


मेझ, २४ जून १९२३

तेओफिल,

पत्र मिळालं.

रजा देणार नाही म्हणतोस. बासष्ट वर्षांच्या माणसाला एकोणचाळीस वर्षांत कधी रजा मिळाली नाही, हे मी गावात कुणाला सांगू शकत नाही, लोक मला हसतील. बाबा गेले तेव्हा तू येणार होतास. आई गेली तेव्हा हिवाळा होता. तुझी वहिनी गेली तेव्हा तार पोचायला उशीर झाला. मी कधी काही बोललो नाही. या वेळी कुणी मेलेलं नाही, नुसती बारा दिवसांची सुतारकी होती, म्हणून म्हटलं जमेल.

सेतहून माणूस आण म्हणतोस. सेतचा माणूस माझ्या हातोडीला काय उत्तर देणार?

तू आता वरच्या नॅसेलचा झालास. तिथून आमचा चिखल लहान दिसत असेल. दिसू दे. परवा उलालीने विचारलं, 'ओनोरेकाका, तुम्ही नाव बांधताय की भाऊ?'

येऊ नकोस. मी दोन्ही अंगं एकटाच चढवीन.

ओनोरे


काउझ, १९ ऑगस्ट १९२३

दादा,

तुझ्या पत्राला आठ आठवडे झाले. रोज कागद घेतो आणि ठेवून देतो. आज लिहितोच.

माझ्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत. नोव्हेंबर सतरामध्ये यंत्रावर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीत गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. युद्धाची घाई होती, दिवसाला दोन दोन कुड्या बाहेर पडत होत्या. मी फळी सरकवत होतो आणि शेजारच्याने काहीतरी विनोद केला म्हणून मान वळवली. विनोद काय होता ते आता आठवत नाही.

तेव्हापासून मी डाव्या हाताने लिहितो. वहिनीने बरोबर ओळखलं होतं, वळण बदललं होतं. फक्त ते इंग्रजांचं नव्हतं. फोटो काढणारा म्हणाला, हात बाहेर काढा. मी म्हटलं, असू दे, थंडी आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?

'मी नॅसेल बांधतो' हेही खरं नाही. मी बांधत नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या तपासतो. मुकादम भला माणूस आहे, त्याने मला काढलं नाही. मी कवचाभोवती फिरतो, जागोजागी ठोकून बघतो आणि आवाज ऐकतो. कुठे खिळा सैल असला, कुठे सरस धरला नसला की मला कळतं. इथले पोरगे विचारतात, म्हातारबाबा, तुम्हाला कसं कळतं? मी त्यांना सांगत नाही की हे मी डाव्या अंगाच्या हातोडीकडून शिकलो.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? घरमालकिणीची हातोडी मागून आणली आणि परसात एका जुन्या फळीवर खिळा ठोकून पाहिला. डाव्या हाताने. खिळा वाकला. दुसरा ठोकला, तोही वाकला. एप्रिलभर रोज संध्याकाळी ठोकत होतो. ऑगस्टपर्यंत जमेल असं वाटलं होतं, म्हणून ऑगस्ट लिहिलं. जूनमध्ये कळलं की नाही जमणार. जमलं असतं तरी नुसता खिळा आत गेला असता, दादा. तुला उत्तर गेलं नसतं.

तू मला कधी दुष्टपणाने काही लिहिलं नाहीस, त्या एका पत्राशिवाय, आणि तेही मी ओढवून घेतलं. पण तूच सांग, मी कसा येऊ? तू जोडीदाराला बोलावलंस. जोडीदार आता कुठेच नाही. इथे नुसता तेओ आहे. त्याला आपल्या अंगणात कुठे उभं करशील? बरगड्यांच्या उजवीकडे मी रिकामा हात खिशात घालून उभा आहे आणि तू डावीकडून ठोकतो आहेस, हे चित्र मनात आलं की मी कागद ठेवून देतो.

बाबा, आई आणि वहिनी यांच्या वेळचं तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. बाबा आणि आई गेली तेव्हा तर हात शाबूत होता. तेव्हाचं माझ्याकडे उत्तर नाही. एकदा जाणं लांबलं की मग तोंड दाखवायला काहीतरी मोठं कारण लागतं, आणि ते कधी पुरेसं मोठं वाटत नाही.

नाव एकट्याने चढवू नकोस. का, ते तुला माहीत आहे.

तेओ


मेझ, १४ ऑक्टोबर १९२३

माझ्या तेओ,

तुझं पत्र मिळून दीड महिना झाला. लगेच लिहिलं नाही, कारण आधी एक काम उरकायचं होतं. ते काम काय, ते सांगतो. सगळं सांगतो, माझी शोभा झाली तीही.

एकट्याने चढवू नकोस म्हणालास, पण तुझं पत्र पोचलं तेव्हा मी चढवून बसलो होतो. जुलैत, ते रागाचं पत्र टाकल्यावर, मी डाव्या अंगाला लागलो. म्हटलं, एक डावी घालीन, मग पलीकडे जाऊन एक उजवी घालीन. डावी घातली. पलीकडे गेलो, तर तिथे तू नव्हतास, मारियुस नव्हता, कुणी नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. परत डावीकडे आलो आणि दुसरी घातली. मग तिसरी. चौथी. चोपन्न वर्षं हे काम केलेला माणूस, आणि जे बाबा आपल्याला पहिल्या दिवशी सांगायचे तेच विसरलो. विसरलो नाही खरं तर. माहीत असून ठोकत राहिलो.

पाचव्या दिवशी नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसून एक डोळा मिटून पाहिलं. कणा अंगठाभर डावीकडे वळला होता. मी तसाच खाली बसलो. बातमी बाजारात जायला किती वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. सगळं मेझ येऊन बघून गेलं. ओनोरे आझाइसने नावेचा कोयता केला म्हणाले. उलाली आली, बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. तेव्हा मला खरी लाज वाटली.

त्यानंतर महिन्याभराने तुझं पत्र आलं. ते मी अंगणातच वाचलं. मधोमध पोचल्यावर चष्मा काढून ठेवला, कारण तो काही कामाचा राहिला नव्हता. उलाली तिथेच टोपली घेऊन उभी होती. तिने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, भावाची तीन बोटं गेली, सहा वर्षांपूर्वी, आणि मला आज कळतंय. ती म्हणाली, 'बोटं गेलीत ना? पाय आहेत की.' मग टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, 'उजवीकडे मी उभी राहते. नाव माझी आहे.'

मी म्हटलं, बायकांनी कधी या अंगणात हातोडी धरलेली नाही. ती म्हणाली, 'कोयताही कधी बांधला नव्हता ना?'

चारही फळ्या उपटल्या. खिळ्यांची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली. कण्याला दोर बांधला, पाचरी मारल्या, दगड टांगले आणि नऊ दिवस त्याला समजावत राहिलो. मग ती आणि मी, डावीकडे मी, उजवीकडे ती. बारा दिवसांचं काम सतरा दिवस चाललं. तिला गप्प बसता येत नाही, तेओ. खिळा ठोकताना बोलते, फळी धरताना बोलते, तोंडात खिळे असले तरी बोलते. पहिले तीन दिवस मी ओरडत होतो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिच्या बोलण्यावरूनच मला कळतंय ती कितव्या बरगडीवर आहे. धक्क्यावरचे लोक रोज येऊन टोमणे मारत होते. एकजण म्हणाला, पुढच्या वर्षी उलालीला भाला देऊन जत्रेतल्या नावांवरच्या झुंजीतही उभी करा. ती म्हणाली, 'करा, आणि समोर तुम्ही या.' त्यानंतर तो आला नाही.

गेल्या शनिवारी नाव पाण्यात गेली. द्राक्षं काढून झाली होती, वाऱ्याच्या दोन दिवस आधी. सरळ सांगायचं तर ती जरा उजवीकडे ओढते. उलाली म्हणते ओढू दे, शिंपले त्याच बाजूला आहेत.

आता माझं म्हणणं.

तू विचारलंस, तुला अंगणात कुठे उभं करीन. मार्चपासून मी तुला पत्रांत बरगड्या, फळ्या, वारा आणि सप्टेंबर सांगत बसलो. मला जोडीदार हवा आहे असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पण जोडीदार हवा असता तर तो दीड महिन्यापूर्वीच मिळाला, टोपली घेऊन दारात उभा होता. तरी तुझ्या वरच्या खोलीची खिडकी मी रोज सकाळी उघडतोच आहे. मला नुसतं 'ये' म्हणता येत नव्हतं, तेओ. एकोणचाळीस वर्षांनी धाकट्या भावाला नुसतं ये म्हणायचं म्हणजे जिभेला जड जातं. म्हणून मध्ये नाव घातली. आणि तीच तुझ्या वाटेत आडवी पडली.

म्हणून आधी ती पाण्यात ढकलली, आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

अंगण आता रिकामं आहे. भुसा झाडून काढला. हत्यारांना तेल लावून ती सेतच्या एका माणसाला देऊन टाकली. इथे कुणी तुझ्या हाताची वाट बघत नाही, उजव्याही नाही, डाव्याही नाही. इथे तुझं काहीएक काम नाही. म्हणून आता ये.

ओनोरे


काउझ, १ नोव्हेंबर १९२३

दादा,

मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्यासारखा कान आम्हाला मिळणार नाही. मी म्हटलं, मिळेल, पोरांना जरा गप्प बसायला शिकवा.

शनिवारी साउथहॅम्प्टनहून बोट आहे. हे पत्रही त्याच बोटीने निघेल. पॅरिसला मला गाडी बदलायची आहे आणि टपालाला घाई असते, तेव्हा आधी कोण पोचेल सांगता येत नाही. मी आधी पोचलो, तर हे पत्र तुझ्या दारात दुसऱ्या दिवशी येईल आणि मी समोर कॉफी पीत बसलेला असेन. तरीही लिहितो, कारण समोर बसल्यावर मला हे सांगता येणार नाही.

बेझिएला मी पहिल्यांदा फुग्यातून वर गेलो, तेव्हा फुगेवाल्याने विचारलं, तुझं गाव कुठे? लांबवर आपलं तळं चमकत होतं, माशाच्या खवल्याएवढं. मी म्हटलं, ते बघा, आमचं अंगण, आणि तो माझा भाऊ, नावेला डांबर लावतोय. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. मला काहीही दिसत नव्हतं, दादा. एवढ्या उंचीवरून माणूस दिसतच नाही. पण त्यानंतर मी जिथे जिथे वर गेलो, तिथे कुणीतरी विचारायचंच की इथून काय दिसतं, आणि दर वेळी माझ्या तोंडून तेच निघायचं. एकदा तर लंडनवर होतो, खाली सगळा धूर, बरोबर दोन बायका. त्यांनाही सांगितलं, तो पाहा माझा भाऊ, डांबर लावतोय. त्या बिचाऱ्यांनी हात हलवला.

तू लिहिलंस की वरून तुमचा चिखल लहान दिसत असेल. मी आयुष्यभर वरून त्याच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

तेव्हा मी आधी पोचलो असलो, तर हे पत्र माझ्यासमोर फोडू नकोस. उलालीलाही वाचून दाखवू नकोस, बाजारभर होईल. खिशात ठेव. दुपारी मी तळ्याकडे फिरायला जाईन, तेव्हा वाच. आणि मी परत आलो की काही विचारू नकोस. नुसतं शेजारी सरकून बाकावर जागा कर.

तुझा,
तेओ